क्युबाच्या फुकट शाळा: फी नाही, मग बिल कुणी भरलं?

क्युबाचा विषय निघाला की दोन गोष्टी ठरलेल्या, तिथले डॉक्टर आणि तिथल्या शाळा. पाळणाघर सोडलं तर बालवाडीपासून पार युनिव्हर्सिटीपर्यंत फी शून्य, सगळ्या देशात एकच अभ्यासक्रम, एकच युनिफॉर्म, आणि क्युबन पोरांसाठी खाजगी शाळा हा प्रकारच नाही. हे सगळं 1959 च्या क्रांतीने एका रात्रीत दिलं असं बरेच जण धरून चालतात, पण तसं काही नाहीये. प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं असं 1940 च्या राज्यघटनेतच लिहिलेलं होतं. फक्त ते कागदावर होतं. शिक्षकाची नोकरी म्हणजे वशिल्याची खुर्ची झालेली, शहरात पगार घेऊन न शिकवणारे होते आणि डोंगरात शाळाच नव्हत्या. 1953 च्या जनगणनेत साधारण 23-24 टक्के लोक निरक्षर निघाले, आणि खेड्यापाड्यात हाच आकडा 40 च्या वर. म्हणजे हवानात बऱ्यापैकी शिकलेला देश आणि सिएरा माएस्त्राच्या डोंगरात अंगठेबहाद्दर.

1 जानेवारी 1959 ला हुकूमशहा बातिस्ता पळाला आणि नव्या सरकारने पहिलं काय केलं तर लष्करी छावण्यांच्या शाळा केल्या. सान्तियागोचा मोन्काडा किल्ला, ज्याच्यावर 1953 मध्ये क्रांतीचा नेता फिडेल कास्त्रोने फसलेला हल्ला केला होता, तिथे 1960 च्या सुरुवातीला वर्ग भरायला लागले, आणि हवानाच्या कोलंबिया छावणीचं सिउदाद लिबेर्ताद नावाचं शाळांचं गावच झालं. यात शोबाजी होतीच, पण जागाही खरोखर हवी होती. मग सप्टेंबर 1960 मध्ये फिडेलने थेट युनोत जाऊन सांगून टाकलं की वर्षभरात आम्ही निरक्षरता संपवतो. आता एवढं जगासमोर बोलून बसल्यावर मागे कसं फिरणार, सरळ 1961 हे ‘शिक्षणाचं वर्ष’ जाहीर झालं.

त्यासाठी शाळा लवकर बंद केल्या आणि साधारण एक लाख शाळकरी पोरापोरींना, बहुतेक 10 ते 19 वयाच्या, वारादेरोच्या समुद्रकिनाऱ्यावर थोडक्यात ट्रेनिंग देऊन खेड्यात पाठवलं. आईबापाची लेखी परवानगी लागायची. निम्म्याहून जास्त मुली होत्या, आणि 1961 सालच्या शहरी घरातली मुलगी एकटी डोंगरात शेतकऱ्याच्या झोपडीत राहायला जाणार म्हणजे घराघरात किती रडारड झाली असेल विचार करा. प्रत्येकाला युनिफॉर्म, बूट, हॅमॉक, एक रॉकेलचा कंदील आणि शिकवायचं पुस्तक. दिवसा त्या घरच्यांबरोबर शेतात राबायचं आणि रात्री त्याच कंदिलात घरच्या म्हाताऱ्यापासून सगळ्यांना अक्षरं गिरवायला लावायची. पुस्तकाचा पहिला धडा कशावर होता माहितीय? ओ, ए, आ या तीन स्वरांवर, कारण ‘ओएआ’ (OEA) म्हणजे अमेरिकी राष्ट्रांची संघटना. दुसरा धडा जमीन सुधारणा खात्यावर. म्हणजे अक्षरओळख आणि सरकारची बाजू एकाच घासात, वेगळं काही वाढायचा प्रश्नच नाही.

धोकाही खरा होता. कोनरादो बेनितेस नावाच्या 18 वर्षांच्या तरुण शिक्षकाला जानेवारी 1961 मध्ये एस्काम्ब्रायच्या डोंगरात सरकारविरोधी बंडखोरांनी मारलं, पुढे या पोरांच्या पथकांना त्याचंच नाव दिलं. एप्रिलमध्ये मधेच बे ऑफ पिग्सचा, म्हणजे अमेरिकेच्या पाठबळावर क्युबातून पळालेल्यांनी केलेला, हल्ला झाला. नोव्हेंबरमध्ये मान्युएल आस्कुन्से हा 16 वर्षांचा पोरगा, ज्या शेतकऱ्याकडे राहत होता त्याच्यासकट मारला गेला. तरी मोहीम थांबली नाही. पोरं, कामगार, पगारी शिक्षक सगळे मिळून अडीच लाखांच्या वर माणसं शिकवत होती, शेवटची परीक्षा म्हणजे स्वतःच्या हाताने फिडेलला पत्र लिहायचं, आणि 22 डिसेंबर 1961 ला हवानात जाहीर झालं की 7 लाखांवर लोक साक्षर झाले आणि निरक्षरता 3.9 टक्क्यांवर आली. आकडा सरकारी आहे, आणि पत्र लिहिता येणं म्हणजे काही लगेच पेपर वाचता येणं नाही, म्हणून नंतर प्रौढांसाठी सहावीपर्यंतचे वर्ग काढावे लागले. पण एक गोष्ट मला कुठल्याही आकड्यापेक्षा मोठी वाटते, या एक लाख पोरांनी आपला देश पहिल्यांदा पाहिला, आणि त्यातलीच कितीतरी पुढे शिक्षक झाली.

याच वर्षी, 6 जून 1961 ला, एक कायदाही आला ज्याच्याबद्दल कौतुकाच्या लेखांत फार कमी वाचायला मिळतं. सगळ्या खाजगी शाळा सरकारने ताब्यात घेतल्या, कॅथलिक शाळाही. फिडेल स्वतः जेझुइट पाद्र्यांच्या बेलेन शाळेत शिकलेला, ती शाळा हवानातून उठली आणि मायामीत जाऊन पुन्हा सुरू झाली. सरकार आईबापांचा मुलांवरचा हक्कच काढून घेणार अशी अफवा त्याआधीच उठलेली, त्यात ही भर, आणि 1960 ते 62 मध्ये 14 हजारांवर मुलं एकटी, आईबापांशिवाय, विमानाने अमेरिकेला पाठवली गेली.

तर फी गेली, पण तिच्या जागी दुसरं काहीतरी मागितलं जाऊ लागलं. सगळ्यात आधी निष्ठा. प्रत्येक मुलाची एक फाइल असायची, तिच्यात मार्कांबरोबर घरचे चर्चला जातात का, मोर्च्याला येतात का, याच्याही नोंदी. ‘युनिव्हर्सिटी क्रांतिकारकांसाठी’ ही घोषणा नुसती भिंतीवर नव्हती, त्या फाइलवरून लोकांच्या सीट गेल्यात. आणि सकाळी परिपाठाला गळ्यात पायोनियरचा, म्हणजे सरकारी बालसंघटनेचा, रुमाल बांधून ‘आम्ही चेसारखे (क्रांतिकारक चे गेवारासारखे) होऊ’ म्हणणं हे आजतागायत चालू आहे.

मग मेहनत. अभ्यास आणि श्रम यांची सांगड घालावी असं क्युबाच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या कवी-लेखक होसे मार्तीने एकोणिसाव्या शतकातच लिहिलेलं, सरकारने ते उचललं. 1966 पासून शहरातल्या पोरांना वर्षातले काही आठवडे शेतात न्यायला लागले, आणि 1970 च्या दशकात तर शेतातच बोर्डिंग शाळा बांधल्या, एकेक साधारण 500 मुलांची, अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस संत्र्याच्या बागा. मातान्सासमधलं हागुएय ग्रांदे आणि इस्ला दे ला हुवेंतुद ही यातली मोठी ठिकाणं, या बेटावर पुढे अंगोला, मोझांबिक, नामिबियातली मुलंही शिकायला होती. हिशोब असा की पोरं आपल्या शाळेचा खर्च स्वतः काढतील. तो तसा कधी नीट जमला नाही, आणि आठवडाभर पोरगं लांब म्हणून आया वैतागलेल्या. 1991 नंतर संत्री घेणारं सोव्हिएत गिऱ्हाईकच गेलं, आणि 2009 च्या सुमारास फिडेलचा भाऊ राउल कास्त्रोच्या काळात या शेतातल्या शाळा गुंडाळायला सुरुवात झाली.

तरीही शिक्षणाचा दर्जा? तो खरंच होता. युनेस्कोने 1997 मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या तिसरी-चौथीच्या मुलांची चाचणी घेतली त्यात क्युबाची तळातली पोरंसुद्धा सगळ्या खंडाच्या सरासरीच्या वर निघाली, तेही सोव्हिएत आधार तुटून देश उपाशी असताना. कारणं अभ्यासकांनी शोधली ती अगदी साधी आहेत: प्राथमिकला एकच शिक्षक त्याच वर्गाबरोबर वर्षानुवर्षं पुढे सरकतो, मुख्याध्यापक सारखा वर्गात येऊन बसतो, आणि पोरांना पोटासाठी काम करावं लागत नाही. आपली झेडपीची शाळा घ्या आणि तिच्यातली एकही जागा रिकामी नाही, गुरुजींना जनगणना-निवडणुकीची कामं नाहीत असं समजा, जवळपास तेच.

पण ही सगळी इमारत शिक्षकावर उभी, आणि नव्वदच्या दशकात टुरिझम आल्यावर हॉटेलातल्या वेटरला एका दिवसाच्या टिपमध्ये शिक्षकाच्या महिन्याच्या पगाराएवढं सुटायला लागलं. मग कोण थांबतंय. 2000 नंतर जागा भरायला नुकत्याच बारावी झालेल्या पोरांना घाईघाईत ट्रेन करून वर्गावर उभं केलं, जोडीला टीव्हीवरचे धडे, आणि पालक जाम चिडले. कागदावर 2010 च्या आसपास क्युबा जीडीपीच्या 12-13 टक्के शिक्षणावर खर्च करत होता, जगात फार थोडे देश एवढा करतात, पण तो शिक्षकाच्या खिशात दिसत नव्हता.

मग जे व्हायचं तेच झालं, ट्यूशन. युनिव्हर्सिटीच्या प्रवेशाला गणित, स्पॅनिश आणि क्युबाचा इतिहास असे तीन पेपर, आणि गणितासाठी घरोघरी खाजगी शिकवणी आधीपासूनच गुपचूप चालू होती. ऑक्टोबर 2010 मध्ये सरकारने स्वतःच्या हिमतीवर करायच्या 178 धंद्यांची यादी काढली, न्हावी, टायर पंक्चरवाला वगैरे, त्यात ‘रेपासादोर’ म्हणजे शिकवणी घेणारा हाही अधिकृत धंदा म्हणून आला. अट एकच: सध्या शाळेत नोकरीला असलेल्या शिक्षकाला हे लायसन्स मिळणार नाही. म्हणजे ज्याला शिकवून चार पैसे मिळवायचेत त्याने आधी शाळा सोडायची.