झाडी दाट म्हणजे हरणांची चंगळ? नाही

उन्हाळा आला की एक सल्ला फिरू लागतो: जंगलात आणखी झाडं लावा, हरणांना चारा मिळेल. हेतू चांगला, पण हिशेब चुकलेला.

चितळाचं मुख्य खाणं गवत, आणि गवताला ऊन लागतं. झाडांच्या माथ्यांनी आभाळ झाकलं की खाली उरतो नुसता पाचोळा. सांबराचं वेगळं: ते पाला, कोवळे शेंडे, फळंही खातं आणि त्याला आडोसा हवाच. म्हणजे दोन्ही हवं, झाडीही आणि तिला लागून मोकळं कुरणही. ताडोब्यात नवेगाव, जामणी ही गावं उठून गेली. त्यांच्या जुन्या शेतांची आता कुरणं झाली आहेत, आणि कळप दिसतात ते तिथेच.

पण शेत मोकळं सोडलं की कुरण आपोआप होत नाही. पहिल्याच पावसात तरोटा माजतो, मागून रानतुळस, कडेनं घाणेरी. जनावरं त्यांना फारसं तोंड लावत नाहीत. ही झुडपं बी धरण्याआधी मुळासकट उपटावी लागतात. नुसती कापली तर घाणेरी बुडातून पुन्हा फुटते. काम कंटाळवाणं आहे, वृक्षारोपणासारखे फोटोही निघत नाहीत. मग मारवेल, पवन्या यांसारखी स्थानिक गवतं धरतात. कुसळीही कोवळी असेपर्यंत चालते. पिकली की तिची कुसळं तोंडाला टोचतात.

आणि काळवीट? ते तर कुरंग, म्हणजे शिंगं न गाळणारं हरीण, उघड्या माळावरचं. रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्यासारख्या माळावर दाट झाडी उभी करणं म्हणजे त्याचं घरच मोडणं.