कडधान्याची वाण चाचणी (खानदेश)

वाण चाचणी म्हणजे एकाच पिकाचे चार-सहा वाण एकाच शेतात, एकाच दिवशी, सारख्याच खतपाण्यावर शेजारी शेजारी पेरायचे आणि आपल्या मातीत नी आपल्या पावसात कोणता टिकतो, किती पिकतो ते मोजायचं. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये, खरिपात मूग, उडीद, तूर, चवळी आणि रब्बीत हरभरा यांच्यासाठी ही पद्धत कामाची आहे.

बोलताना खानदेश एक असला तरी पाऊस एक नाही. नवापूरकडे वर्षाला 1000 मिमीच्या पुढं पडतो आणि शिंदखेडा, अमळनेरकडे 500 ते 600 मिमीच्या आसपास, त्यात तापीकाठची खोल काळी जमीन वेगळी, सातपुड्याच्या पायथ्याची बरड वेगळी. काळ्या रानात पंधरा दिवसांचा खंड पडला तरी मूग तग धरतो, बरडीवर तोच वाण फुलोऱ्यातच मान टाकतो. म्हणून दुसरीकडे पहिला आलेला वाण इथंही पहिला येईल असं धरून चालत नाही.

नवा वाण शेतकऱ्याकडे यायच्या आधी अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाच्या चाचण्यांत साधारण 3 वर्षं वेगवेगळ्या केंद्रांवर घासला जातो. खानदेश राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या हद्दीत येतो. जो वाण लोकांच्या हातात रुळलाय तो 'चेक' म्हणून सोबत पेरतात, उडदात उदाहरणार्थ टीएयू-1, जो भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं मिळून काढला नी 1985 साली आला. चेकच्या पुढं गेला नाही तर नवा वाण घेऊन करायचं काय?

शेतावरची मांडणी साधी असते. प्रत्येक वाणाचे तीन तुकडे, जागा चिठ्ठ्या टाकून ठरवायची, कारण शेताला उतार असतो आणि खालच्या अंगाला ओल जास्त, आवडता वाण मुद्दाम तिथं टाकला की निकाल घरचाच. समजा तुकड्यात 4 मीटरच्या 6 ओळी, दोन ओळींत 30 सेंमी. कडेच्या दोन ओळी सोडायच्या, त्यांना उजेड नी जागा जास्त मिळते. उरलं 4.8 चौरस मीटर, आणि तिथला आकडा हेक्टरवर न्यायला 2083 नं गुणावं लागतं. म्हणजे तागडीत 50 ग्रॅम इकडंतिकडं झाले की कागदावर हेक्टरी 1 क्विंटल वाढला! ओलाव्याचंही तेच, 15 टक्के ओलाव्याचा अर्धा किलो मूग वाळून 10 टक्क्यांवर आला की 472 ग्रॅमच भरतो, हेक्टरी हिशोबात 58 किलो गेले. पावसाळी हवेत मळून लगेच मोजलेले आकडे म्हणूनच फार मनावर घेऊ नयेत. पिशवीत चिठ्ठी आत एक नी बाहेर एक टाकायची, खळ्यावर दोन वाण एकदा मिसळले की वर्ष वाया.

रोग बघायचा तर मध्ये मध्ये पिवळ्या मोझॅकला (पानं पिवळी पाडणारा विषाणूरोग) पटकन बळी पडणारा वाण मुद्दाम पेरतात, पांढरी माशी तिथून रोग घेऊन सगळीकडे फिरते, मग कोणता वाण टिकतो ते कळतं.

पण इकडं खरी परीक्षा उत्पादनापेक्षा तारखेची. जूनअखेरीला पेरलेला मूग 65-70 दिवसांत, म्हणजे पोळ्याच्या आगेमागे तोडणीला येतो आणि तेव्हाच बऱ्याचदा झड लागते. शेंगा झाडावरच भिजतात, दाण्याला कोंब फुटतात, काळा पडलेला मूग बाजारात कवडीमोल. त्यामुळे सगळ्या शेंगा एकदम पिकतात का, की तीन तोड्या कराव्या लागतात, हे रकान्यात लिहायलाच पाहिजे, मजुरीचा हिशोब त्यावरच आहे. शिवाय मुगाच्या रानात पुढं दादर (रब्बी ज्वारी) पेरायची असते, ती जमिनीतल्या ओलीवर येते, दहा दिवस उशिरा रान मोकळं करणारा वाण क्विंटलभर जास्त देऊनही महागात पडतो.

शेवटी चूल. उडीद असेल तर टरफलासकट ज्वारीबरोबर दळून कळण्याची भाकर थापून बघतात, पिठाला चिकटपणा नसेल, भाकर थापताना फाटत असेल तर घरातल्या बायका तो वाण पुढच्या वर्षी पेरू देत नाहीत, चाचणीच्या तक्त्यात तो पहिला असला तरी.