वैद्यकीय संशोधनातील नमुनासंख्या

वैद्यकीय अभ्यासात किती रुग्ण किंवा किती निरोगी माणसे घ्यायची, हे अभ्यास सुरू होण्याआधी हिशेबाने ठरवण्याला नमुनासंख्या निश्चिती म्हणतात. मेडिकल कॉलेजांत याला सर्रास ‘सॅम्पल साइज काढणे’ असेच म्हटले जाते. हिशेब सूत्राने होतो, पण सूत्रात घालायचा सगळ्यांत मोलाचा आकडा गणितातून येत नाही. उपचाराने किती फरक पडला तर तो रुग्णाच्या उपयोगाचा, हा तो आकडा आणि तो रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरनेच सांगायचा असतो.

या आकड्याचे वजन दोन गाजलेल्या चाचण्यांवरून कळते. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत फुप्फुसाच्या क्षयाचे अवघे १०७ रुग्ण होते. तेव्हा औषधाचा तुटवडा होता. औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी ४ जण सहा महिन्यांत दगावले. केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४ जण. म्हणजे ७ टक्के आणि २७ टक्के. आजच्या नेहमीच्या सूत्रात हेच दोन आकडे घातले तर प्रत्येक गटाला सुमारे ५२ रुग्ण पुरेत असे उत्तर येते. फरकच एवढा मोठा होता की थोड्या रुग्णांतही तो लपला नाही. याउलट १९८८ ची आयसिस-२ ही हृदयविकाराच्या झटक्यावरची चाचणी १७,१८७ रुग्णांवर झाली. ॲस्पिरिन घेणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणाने पाच आठवड्यांत झालेले मृत्यू ९.४ टक्के होते, न घेणाऱ्यांत ११.८ टक्के. हीच चाचणी १०७ रुग्णांत उरकली असती तर एका गटात पाच आणि दुसऱ्या गटात सहा मृत्यू दिसले असते आणि ॲस्पिरिनचा उपयोग नाही म्हणून ते बाजूला पडले असते. २.४ टक्क्यांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण हजार रुग्णांमागे ते २४ जीव आहेत.

हिशेबाला चार गोष्टी लागतात. पहिली, वर सांगितलेला फरक. दुसरी, मोजमापातला चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन. माणसामाणसांत जेवढी तफावत जास्त, तेवढे रुग्ण जास्त लागतात. तिसरी आणि चौथी म्हणजे दोन प्रकारच्या चुकांना दिलेली मुभा. मुळात फरक नसताना तो आहे असे म्हणणे ही पहिल्या प्रकारची चूक; तिला बहुधा ५ टक्क्यांची मर्यादा घालतात. फरक असून तो हातातून निसटणे ही दुसऱ्या प्रकारची. ती न होण्याची शक्यता म्हणजे अभ्यासाची ‘पॉवर’. ती किमान ८० टक्के धरण्याचा प्रघात आहे. चुकांची ही विभागणी येर्झी नेमान आणि एगॉन पिअरसन या सांख्यिकी तज्ज्ञांनी १९३० च्या सुमारास मांडली.

गरोदर बायांच्या पंडुरोगाचे उदाहरण घेऊ. लोहाच्या गोळ्या आणि लोहाचे इंजेक्शन यांची तुलना करायची आहे. हिमोग्लोबिनचे प्रमाण विचलन १.५ ग्रॅम धरले. ५ टक्के आणि ८० टक्के हे नेहमीचे आकडे धरले की सूत्र असे उरते : विचलनाच्या वर्गाला फरकाच्या वर्गाने भागायचे आणि १६ ने गुणायचे. १ ग्रॅमचा फरक शोधायचा तर प्रत्येक गटात ३६ बाया लागतात. अर्धा ग्रॅम शोधायचा तर १४४. पाव ग्रॅम म्हटले की ५७६. फरक निम्मा केला की संख्या चौपट होते. नवख्याला दचकवणारी गोष्ट हीच. पॉवर ८० ऐवजी ९० टक्के हवी असेल तर १६ च्या जागी २१ येतात आणि १४४ चे १८९ होतात. अभ्यासातून माणसे गळतात, त्याचीही सोय आधीच करावी लागते. १५ टक्के गळती अपेक्षित असेल तर १४४ ला ०.८५ ने भागतात आणि १७० घेतात. नुसते १५ टक्के वाढवून १६६ घेणे ही नेहमी होणारी चूक आहे, कारण १६६ मधून १५ टक्के गेले की १४१ च उरतात.

विचलनाचा आकडा पूर्वीच्या अभ्यासांतून किंवा छोट्या पायलट स्टडीतून घेतात. फरकाचा आकडा मात्र असा उचलून आणता येत नाही. प्रत्यक्षात पुष्कळदा उलटा प्रवास होतो : वर्षभरात ओपीडीत ६० रुग्ण मिळतील, तेव्हा ६० च उत्तर येईल असा फरक शोधून सूत्रात भरायचा. सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, सादर करण्याच्या आदल्या दिवशी ‘सर, तीस-तीस चालतील का?’ असे विचारत येणारा पदव्युत्तर विद्यार्थी सांख्यिकीच्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. त्या विद्यार्थ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला मुदत असते आणि रुग्ण मोजकेच. पण हा हिशेब खोटा ठरतो आणि त्याची किंमत रुग्ण मोजतात, कारण ज्या अभ्यासातून उत्तर निघणारच नव्हते त्यासाठी त्यांनी सुया टोचून घेतलेल्या असतात. मिळणारे रुग्ण कमी असतील तर तसे सरळ लिहावे, दोन-तीन रुग्णालयांनी मिळून अभ्यास करावा किंवा प्रश्नच बदलावा.

हा दोष जुना आहे. १९७८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ‘उपचाराचा फायदा दिसला नाही’ असे म्हणणाऱ्या ७१ चाचण्या तपासल्या. त्यांपैकी ५० चाचण्या एवढ्या लहान होत्या की उपचाराने निकालात ५० टक्के सुधारणा झाली असती, तरी ती निसटण्याची शक्यता १० टक्क्यांहून जास्त होती. फायदा दिसला नाही आणि फायदा नाही, या दोन वाक्यांत फार अंतर आहे.

दोन गटांची तुलना नसून एखाद्या आजाराचे प्रमाण काढायचे असेल तर सूत्र वेगळे असते. भारतातील सामाजिक वैद्यकशास्त्राच्या विभागांत ते चार पी क्यू भागिले एल वर्ग असे पाठच असते. पी म्हणजे आजाराचे अपेक्षित प्रमाण, क्यू म्हणजे शंभरातून ते वजा करून उरलेला आकडा आणि एल म्हणजे उत्तरात चालणारी चूक. अपेक्षित प्रमाण ३० टक्के आणि चूक अधिक-उणे ५ टक्के धरली तर ४ गुणिले ३० गुणिले ७० भागिले २५, म्हणजे ३३६. पण ‘१० टक्के चूक’ असे मोघम लिहून ती ३० च्या १० टक्के, म्हणजे ३, धरली की हेच उत्तर ९३३ होते. म्हणून चूक निव्वळ आहे की सापेक्ष, हे प्रबंधात स्पष्ट लिहिलेच पाहिजे.

गावे, शाळा किंवा वॉर्ड असे गटच्या गट घेतले तर संख्या आणखी वाढते, कारण एका गावातली माणसे एकमेकांसारखी असतात. पन्नासावा माणूस पहिल्याइतकी नवी माहिती देत नाही. गावागणिक ५० माणसे आणि त्यांच्यातले साम्य ० ते १ या मोजपट्टीवर ०.०२ एवढे अल्प असले तरी संख्या जवळपास दुप्पट करावी लागते. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा जो अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात एका बाजूला ३९ आणि दुसऱ्या बाजूला ४७ गावे होती. अशा अभ्यासात किती बाळे एवढेच विचारून भागत नाही. किती गावे, हेही विचारावे लागते.

लशींच्या चाचण्यांत माणसांपेक्षा घटनांची संख्या निर्णायक ठरते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने वेगळ्या केलेल्या विषाणूपासून तयार झालेल्या कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यात सुमारे २५,८०० जण होते, पण अंतिम परिणामकारकता ठरली ती आजारी पडलेल्या १३० जणांवरून : लस घेतलेले २४, न घेतलेले १०६. आजार जितका विरळ, तितकी माणसे जास्त. पोलिओवरच्या साल्क लशीच्या १९५४ च्या अमेरिकी चाचणीत लस आणि खोटी लस देण्यासाठी प्रत्येकी सुमारे २ लाख मुले घ्यावी लागली, ती याचमुळे.

परिणामकारकतेसाठी पुरेशी असलेली संख्या सुरक्षिततेसाठी पुरतेच असे नाही. ३०० रुग्णांत एखादा दुष्परिणाम एकदाही दिसला नाही, तरी तो प्रत्यक्षात शंभरात एकाला होत असू शकतो. तीनला रुग्णसंख्येने भागले की ही वरची मर्यादा मिळते. दहा हजारांत एकाला होणारा यकृताचा बिघाड अशा चाचणीत जवळजवळ कधीच दिसत नाही. म्हणून औषध बाजारात आल्यावरही दुष्परिणामांची नोंद चालू ठेवतात. भारतात त्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला आणि २०११ पासून त्याचे समन्वय केंद्र गाझियाबादला आहे.