तावेर्न (गोवा)

तावेर्न : गोव्यातील वाड्यावरचे छोटे परवानाधारक दारूचे दुकान, आणि तिथेच बसून पिण्याची जागा. शब्द पोर्तुगीज ‘ताव्हेर्ना’वरून आला. १५१० ते १९६१ एवढ्या दीर्घ राजवटीत तो कोकणीत मुरला आणि गोव्याच्या मराठीतही तसाच राहिला. तावेर्न म्हणजे आजचा ‘बार अँड रेस्टॉरंट’ नव्हे. जुने तावेर्न बहुधा मालकाच्या राहत्या घराचीच रस्त्याकडची खोली असे. लाकडी काउंटर, दोन-तीन बाक, वर-खाली मोकळे सोडलेले झुलते अर्धे दार, फडताळात बाटल्या, आणि भिंतीवर लाल दिव्यापाशी येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर. मालक हिंदू असेल तर गणपती किंवा साईबाबा. पुष्कळदा याच खोलीत पसरा, म्हणजे किराणा दुकानही असे, आणि मीठ, साबण, रॉकेल व फेणी एकच माणूस मोजून देई.

तावेर्नाचा खरा आधार फेणी. माडाची सूर (माडी) उतरवून तिची दारू गाळण्याची रीत काजूच्या आधीची आहे. काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले, आणि पुढे त्याच्या बोंडांची दारू माडाच्या दारूपेक्षा जास्त चालली. बोंडे तुडवून काढलेला रस आंबवतात आणि भाटीवर (दारू गाळण्याच्या भट्टीवर) गाळतात. पहिल्या धारेचा तो हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. हुर्राक सौम्य, फार न टिकणारा, उन्हाळ्यापुरता. फेणीत मद्यार्क ४२ टक्क्यांच्या आसपास असतो, पण जुना गिऱ्हाईक टक्के विचारत नाही, ‘ग्राव’ (दारूचा कस सांगणारे जुने माप) विचारतो. एकोणीस-वीस ग्रावांची फेणी चांगली. ओतताना वर येणाऱ्या बुडबुड्यांवरूनही कस ओळखतात. फेणी हे नावच फेसावरून, ‘फेण’ या शब्दावरून आलेले मानतात. भाटीवाला, रेंदेर (माडावर चढून सूर उतरवणारा) आणि तावेर्नवाला यांची एकमेकांशी ओळख असे, आणि गिऱ्हाइकाचा विश्वास लेबलावर नसून या ओळखीवर असे. माझ्या मते तावेर्न समजून घ्यायचे तर सुरुवात इथूनच करावी लागते.

गावातले तावेर्न आणि बंदराच्या शहरातले तावेर्न यांत मात्र फरक पडत गेला. ब्रिटिश आणि पोर्तुगीज यांच्यात १८७८ साली झालेल्या करारानंतर मुरगाव बंदर आणि तिथून घाटावर जाणारा लोहमार्ग उभा राहिला, आणि त्याच्या आश्रयाने वास्को-द-गामा हे शहर वाढले. विसाव्या शतकाच्या मध्यावर लोहखनिजाची निर्यात सुरू झाली, पन्नाशीच्या दशकात जपानकडे जाणाऱ्या मालाने ती फुगली. मग जहाजबांधणी आली, १९७०च्या दशकात झुआरीनगरचा खत कारखाना आला. वास्कोच्या खारीवाडा, बायणा, सडा, मांगोर हिल, नवेवाडे या भागांत सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडचे, कारवार-बेळगावकडचे कामगार येऊन राहिले. यांतल्या पुष्कळांचे घर एका खोलीचे, तेही चौघा-पाचजणांत वाटलेले. अशा माणसाला कामावरून सुटल्यावर टेकायला जागा हवी असते, आणि तावेर्न ती जागा होती. बार्जवरचा (खनिज वाहणाऱ्या सपाट बोटीवरचा) खलाशी, गोदीतला हमाल, रेल्वेचा माणूस आणि मच्छीमार एकाच बाकावर बसत. कोकणी, मालवणी, मराठी, कन्नड अशा चार बोली एका कोपाभोवती चालत (कोप म्हणजे पेला; हाही पोर्तुगीजच शब्द). जहाज कधी लागणार, कुठल्या मुकादमाला माणसे हवीत, ही बातमी तिथे आधी कळे. उधारीची वही असे, आणि पगाराच्या दिवशी ती उघडली जाई. सोबत तोंडात टाकायला चणे, उकडलेले अंडे, भाजलेला सुका बांगडा, खारातली तोरे (कोवळ्या कैऱ्या).

त्या वहीची दुसरी बाजू घरातल्या बाईने सोसली. पगाराचा मोठा वाटा काउंटरवरच राहिला की चूल कशी पेटवायची हा प्रश्न तिचा होता. तियात्रातला (गोव्याच्या कोकणी लोकनाट्यातला) ‘बेबदो’ (दारुडा) लोकांना हसवतो, पण त्याच्या बायकोचे हाल प्रेक्षकांतल्या अनेकींना घरचेच वाटत. तावेर्नाची आठवण हळवेपणाने काढताना हे वगळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

दारूचा प्रश्न गोव्याच्या राजकारणातही येऊन गेला. शेजारच्या मुंबई राज्यात १९४९च्या कायद्याने दारूबंदी आली, तेव्हा गोवा पोर्तुगिजांकडे होता आणि तावेर्ने उघडी होती. मुक्तीनंतरही ती उघडीच राहिली. १९६४ साली स्वतंत्र अबकारी कायदा झाला. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात, महाराष्ट्रात विलीन झालो तर तिथली दारूबंदी इथे येईल आणि रेंदेरांच्या पोटावर पाय येईल, असाही प्रचार विलीनीकरणाच्या विरोधकांनी केला. कौल १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० मतांनी वेगळे राहण्याच्या बाजूने गेला. त्यामागे भाषा, अस्मिता अशी मोठी कारणे होती हे खरे. पण माडावर चढणाऱ्या माणसाला दारूबंदी ही दूरची गोष्ट नव्हती.

पुढची ओहोटी एका कारणाने आली नाही. बाटलीबंद बिअर आणि व्हिस्की स्वस्त झाली, पोरांना फेणीचा वास नकोसा झाला, घराची पुढची खोली दुकानाला भाड्याने देणे परवडू लागले. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा बार्ज आणि ट्रकांवर जगणारे गिऱ्हाईक आटले. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ एप्रिल २०१७पासून रस्त्यालगतच्या दुकानांना धक्का बसला. लहान वस्त्यांसाठी हे अंतर २२० मीटरवर आणले गेले. दरम्यान काजू फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०१६ साली राज्य सरकारने फेणीला वारसा पेयाचा मान दिला. हा मान रास्तच आहे. मात्र तो पेयाला मिळाला. ज्या खोलीत ते पेय शतकभर प्यायले गेले तिची नोंद कुणी फारशी घेतली नाही. पणजीच्या जुन्या वस्त्यांत काही तावेर्ने पर्यटकांसाठी सजली आहेत, तिथे दर वेगळे आणि गिऱ्हाईकही वेगळे.

जी उरली आहेत ती उन्हाळ्यात ओळखू येतात. मार्च उजाडला की दारावर खडूने ‘हुर्राक आहे’ अशी पाटी लागते, आणि गिऱ्हाईक घरून रिकामी बाटली घेऊन येतो. नरसाळे लावून तावेर्नवाला ती भरतो.