लठ्ठपणातली व्हिटॅमिनची कमतरता

वजन जास्त, पोट सुटलेलं, पण रक्तात ड जीवनसत्त्व, बी१२, फोलेट (हेही ब गटातलंच एक जीवनसत्त्व) किंवा लोह कमी, अशी ही अवस्था. खान्देशात अंगाने भरलेला माणूस म्हणजे खाऊनपिऊन सुखी असं धरून चालतात, त्यामुळे त्याच्यात काही कमी असेल हे घरच्यांना पटतच नाही. जगात बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३० झाला की लठ्ठपणा धरतात, पण भारतीयांसाठी ही रेषा २५ वरच येते कारण आपल्याकडे कमी वजनातही पोटावर चरबी साठते, म्हणून काट्यापेक्षा टेप बरा, कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटीमीटरच्या आत हवी.

ड जीवनसत्त्वाचं सगळ्यात नवल वाटतं. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तरी रिपोर्टमध्ये ड कमी! एक तर त्या उन्हात उभं कोण राहणार, दहा वाजले की दारंखिडक्या बंद आणि कूलर चालू, बाहेर पडलंच तर डोक्याला रुमाल, बायकांना स्कार्फ आणि सनकोट. आणि दुसरं म्हणजे हे जीवनसत्त्व चरबीत विरघळतं, अंगात चरबी जास्त असली की तिच्यात पसरून जातं आणि रक्तात थोडंच उरतं. त्यामुळेच अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांच्या संघटनेने, २०११ मध्ये लठ्ठ माणसांना दुप्पट-तिप्पट डोस सुचवला होता. पण ड कमी म्हणून वजन वाढलं हे काही खरं नाही, २०१३ च्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात गाडी उलट दिशेने जाताना दिसली, आधी वजन वाढतं मग ड उतरतं. २०१९ मध्ये डायबेटिसच्या उंबरठ्यावरच्या लोकांना रोज ४००० युनिट देऊन पाहिलं तर डायबेटिस ठळकपणे काही टळला नाही.

लोहाचं गणित वेगळंच. जास्तीच्या चरबीमुळे अंगात बारीक सूज कायम राहते, त्याने लिव्हर हेप्सिडिन नावाचं हार्मोन जास्त सोडतं आणि ते आतड्यातून लोह रक्तात जाऊ देत नाही. कळण्याच्या भाकरीत लोह आहे, पण ज्वारी-उडदातलं फायटेट नावाचं द्रव्य ते धरून ठेवतं, वर जेवल्याजेवल्या चहा झाला की आणखी कमी, त्यापेक्षा लिंबू पिळलेलं बरं. अंगातला लोहाचा साठा फेरिटिनच्या तपासणीवरून बघतात, पण सुजेनेही फेरिटिन वाढतं, म्हणून ते नॉर्मल दिसलं तरी लोह भरपूर आहे असं समजू नये.

बी१२ भाकरी, भरीत, केळी यातल्या कशातच नाही, शाकाहारी घरांत ते दूध-दह्यातूनच काय ते मिळतं. त्यात शुगरसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू असेल तर आणखी उतरतं. पायाला मुंग्या आल्या की सगळे शुगरवर ढकलतात आणि बी१२ तपासायचं राहून जातं.

कंबर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), चांगलं कोलेस्टेरॉल, बीपी, उपाशीपोटीची शुगर या पाचांपैकी तीन बिघडले की मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, तो नुसत्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी हटत नाही, पण म्हणून कमतरता तशीच ठेवायची असंही नाही. ड ची ६०,००० युनिटची पुडी साधारण आठवड्याला एक, तीही ठरावीक आठवडेच असते, काहीजण मात्र मेडिकलवरून आणून महिनोन्महिने दुधातून घेत राहतात आणि मग रक्तात कॅल्शियम वाढून मळमळ, मुतखडा असे नवे त्रास सुरू होऊ शकतात.