सोयाबीन हमीभावाने विकायचंय? मग कागद कुठे अडतो ते आधी बघा

2025-26 च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये ठरला. त्याच सुमारास, मे 2025 च्या अखेरीस केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणलं. बाहेरचं तेल स्वस्तात आलं की लिलावात सोयाबीनची बोली खाली येते आणि सगळे सरकारी खरेदी केंद्राकडे धावतात. तिथे मालाच्या आधी कागद तपासतात.

आधार कार्ड, बँक पासबुक आणि चालू हंगामाच्या पीकपेऱ्यासह सातबारा, एवढंच लागतं. माणसं परत जातात ती बहुतेक तिसऱ्या कागदामुळे.

सातबाऱ्यावर यंदाचं सोयाबीन दिसायचं असेल तर ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईल ॲपवरची पिकाची नोंद, झालेली हवी, आणि ती शेतात पीक उभं असतानाच होते. ॲपमध्ये शेतात उभं राहून फोटो काढावा लागतो. चूक झाली तर दुरुस्तीला 48 तास मिळतात. काढणी झाल्यावर दिवाळीच्या सुमारास तलाठ्याकडे गेलात तर तो तरी कुठल्या पिकाची नोंद करणार? नेटवर्क नाही, साधा फोन आहे, म्हातारं माणूस आहे, ही कारणं खरी आहेत. ती ऐकून घ्यायची सोय मात्र व्यवस्थेत फारशी नाही, याची चीड येते. म्हणून ऑगस्टमध्येच गावातल्या एखाद्या पोराला सोबत घेऊन पाहणी उरकून टाका आणि आठवड्याने सातबारा उघडून नोंद चढली का ते बघा. ॲपवर 'यशस्वी' दिसलं म्हणजे काम झालं, असं धरून चालू नका.

ठोक्याने किंवा बटईने शेती करणाऱ्यांची अडचण याहून मोठी. पेरा मालकाच्या सातबाऱ्यावर, पैसे मालकाच्या खात्यात. मालकाशी याचं बोलणं पेरणीच्या वेळीच करून घ्या.

बँक खात्याचंही तसंच. काही जनधन खाती 'लहान खाते' प्रकारातली असतात. त्यात एका वेळी 50 हजारांपेक्षा जास्त शिल्लक चालत नाही आणि वर्षाला एक लाखापेक्षा जास्त जमा होत नाही. वीस क्विंटलचे पैसे तिथेच अडकतात. केवायसी पूर्ण असलेलं, आधार जोडलेलं खातं द्या.

तारखांचा गोंधळ दरवर्षी होतो. नोंदणीची शेवटची तारीख वेगळी, खरेदीची वेगळी. खरेदी सुरू आहे म्हणजे नोंदणीही सुरू असेल, असं समजून लोक थांबतात. मुदतवाढ मिळते कधीकधी, पण तिच्या भरवशावर राहू नका. माल घरात यायची वाट न बघता नोंदणी करा. नोंदणीला अंगठा लागतो, त्यामुळे ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला सोबत न्या. नोंदणी झाल्यावर माल कधी आणायचा याचा एसएमएस येतो. तो आल्याशिवाय गाडी भरू नका, नाहीतर भाडं अंगावर पडतं.

ओलाव्याची मर्यादा 12 टक्के आहे. 2024 च्या हंगामात ती 15 पर्यंत सैल केली होती आणि बरेच जण अजून तोच आकडा धरून बसतात. ती सूट त्या हंगामापुरती होती. माल उन्हात चांगला वाळवा, चाळणी मारा आणि निघण्याआधी जवळच्या आडतीवर ओलावा मोजून घ्या.

तुमचा माल किती घेणार, हे क्षेत्र आणि जिल्ह्याची ठरवलेली हेक्टरी उत्पादकता यावरून ठरतं. म्हणून कळकळीने सांगतो, व्यापाऱ्याला सातबारा आणि ओटीपी देऊ नका. त्याने तुमच्या नावावर स्वतःचा माल घातला की तुमचा कोटा संपला, आणि पुढे चौकशी झाली तर नाव तुमचंच निघतं.

मापानंतर काटापट्टी मागून घ्या. माल गोदामात जमा होऊन वखार पावती निघाली की मगच पैसे सुटतात. महिना उलटूनही जमा झाले नाहीत तर काटापट्टी आणि नोंदणी क्रमांक घेऊन आधी केंद्रावर आणि तिथे दाद लागली नाही तर जिल्हा पणन अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.