संगीतासाठी स्वतंत्र प्लेअर निवडताना : आजच्या प्रश्नांमागची पार्श्वभूमी

फोन हाताशी असतानाही केवळ संगीत ऐकण्यासाठी एखादा छोटा प्लेअर घ्यावा असे वाटणारे लोक आजही आहेत, आणि त्यांची कारणे समजण्यासारखी आहेत. ऐकताना मध्येच सूचना वाजू नयेत, प्रवासात इंटरनेट नसले तरी संग्रह सोबत असावा आणि वर्षानुवर्षे जमवलेली ध्वनिमुद्रणे कोणत्याही मासिक वर्गणीवर अवलंबून राहू नयेत, अशी त्यांची अपेक्षा असते. मात्र खरेदीला निघाल्यावर समोर गीगाबाइट, फ्लॅक, २४ बिट, एलडॅक (बिनतारी हेडफोनकडे आवाज पाठवण्याची एक पद्धत), अँड्रॉइड असे शब्द येतात. त्यांतला कोणता महत्त्वाचा आणि कोणता केवळ जाहिरातीपुरता, हे ओळखायचे तर गेल्या चाळीसेक वर्षांत हे यंत्र कसे घडत गेले ते पाहावे लागते. हा इतिहास वाचताना मला पुन्हा पुन्हा एकच मुद्दा निर्णायक वाटत आला आहे: प्लेअरमध्ये ठेवलेले संगीत खरोखर ऐकणाऱ्याच्या ताब्यात राहते का?

सोनीचा वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीला आला, तेव्हा हा प्रश्न उद्भवण्याचे कारणच नव्हते. फिलिप्सने १९६३ साली आणलेली कॅसेट कोणत्याही कंपनीच्या यंत्रात चालत असे, आणि यंत्र बिघडले तरी कॅसेट मालकाकडेच राही. १९८२ साली आलेल्या सीडीचेही तसेच होते. सीडीवर आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांत नोंदवला जातो. स्टीरिओचे दोन मार्ग धरले तर एका मिनिटाच्या संगीताला सुमारे १० मेगाबाइट जागा लागते. त्या काळातल्या संगणकांना आणि टेलिफोनच्या तारांना हा भार पेलणारा नव्हता, आणि पुढची सारी कथा या अडचणीतून सुरू होते.

जर्मनीतील एर्लांगन विद्यापीठाचे प्राध्यापक डीटर झाइट्झर यांना टेलिफोनच्या डिजिटल तारेवरून संगीत पाठवण्याची कल्पना सुचली होती. त्यांचे विद्यार्थी कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि फ्राउनहोफर या जर्मन संशोधन संस्थेतील सहकारी यांनी १९८० च्या दशकात त्यावर काम केले. त्यांनी आधार घेतला तो मानवी श्रवणाच्या एका मर्यादेचा. एक मोठा स्वर वाजत असताना त्याच्या जवळच्या कंपनसंख्येचा मंद स्वर कानाला जाणवत नाही. मग जे जाणवणारच नाही ते साठवायचे कशाला, हा त्यामागचा विचार होता. पद्धत सुधारत नेण्यासाठी ब्रांडेनबुर्ग यांनी अमेरिकी गायिका सुझान व्हेगा यांचे वाद्यांच्या साथीशिवाय गायलेले ‘टॉम्स डायनर’ हे गाणे वारंवार वापरले, कारण एकट्या मोकळ्या आवाजातला दोष लपत नाही. या प्रयत्नांतून आकाराला आलेल्या एमपीथ्री पद्धतीला १९९० च्या दशकाच्या आरंभी आंतरराष्ट्रीय मानकात स्थान मिळाले आणि जुलै १९९५ मध्ये फाइलच्या नावापुढे लावायची ‘.एमपी३’ ही खूण ठरली. सेकंदाला १२८ किलोबिट या दराने केलेल्या एमपीथ्रीला मिनिटाला जवळपास १ मेगाबाइटच लागतो, म्हणजे मूळच्या एक-दशांशाहूनही कमी.

या बचतीची किंमत कोठे मोजावी लागते, हे आपल्या संगीताच्या श्रोत्याने जाणून घेणे अगत्याचे आहे. अशा पद्धतीत आवाजाचे छोटे छोटे तुकडे करून प्रत्येक तुकड्यावर एकत्रित प्रक्रिया होते, त्यामुळे एखादा तीक्ष्ण आघात येण्याच्या क्षणभर आधीच त्याची अस्पष्ट चाहूल पसरते. तबल्याच्या चाटेवरचा ‘ना’ कमी दराच्या फाइलमध्ये बोथट वाटतो, त्याला हे एक कारण असते. दर वाढवला की हा दोष झपाट्याने कमी होतो आणि २५६ किंवा ३२० किलोबिटला तो बहुतेकांना ओळखताही येत नाही. तेव्हा प्लेअरला दोष देण्यापूर्वी आपली फाइल कोणत्या दराची आहे ते पाहावे.

एमपीथ्री वाजवणारे पहिले खिशात मावणारे यंत्र १९९८ साली दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीने ‘एमपीमॅन’ या नावाने आणले. त्याच वर्षी अमेरिकेत डायमंड मल्टिमीडिया कंपनीने ‘रिओ पीएमपी ३००’ काढला. त्याची किंमत सुमारे २०० डॉलर, अंगभूत साठवण ३२ मेगाबाइट आणि आत एक साधा पेन्सिल सेल. एवढ्या जागेत जेमतेम अर्ध्या तासाचे संगीत मावत असे, म्हणजे एक विलंबित ख्यालही पुरता बसण्याची शाश्वती नव्हती. तरीही अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेला या यंत्राची धास्ती वाटली आणि तिने ऑक्टोबर १९९८ मध्ये डायमंडविरुद्ध दावा लावला. १९९२ च्या कायद्याप्रमाणे डिजिटल ध्वनिमुद्रण करणाऱ्या यंत्रांत नकलेवर नियंत्रण ठेवणारी योजना असणे आणि त्यांवर मानधन भरणे बंधनकारक होते. रिओने तसे केलेले नाही, असे संघटनेचे म्हणणे होते.

जून १९९९ मध्ये अपील न्यायालयाने डायमंडच्या बाजूने निकाल दिला. रिओ संगीताचे थेट मुद्रण करत नाही, तो संगणकावर आधीच असलेल्या फायली सोबत नेता याव्यात म्हणून त्यांची प्रत घेतो, आणि संगणक हे काही त्या कायद्यात अभिप्रेत असलेले संगीतयंत्र नव्हे, असा न्यायालयाचा युक्तिवाद होता. आपण विकत घेतलेले संगीत स्वतःच्या वापरासाठी एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्यात गैर नाही, ही भूमिका त्यातून पुढे आली. या निकालाकडे मी या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा म्हणून पाहतो. तो उलट लागला असता, तर संगणकाला जोडून गाणी भरून घ्यायचे साधे यंत्र अमेरिकेच्या बाजारात उभेच राहू शकले नसते.

पुढचा प्रश्न जागेचा होता. कॉम्पॅक या संगणक कंपनीच्या संशोधन केंद्रात घडलेला ‘पर्सनल ज्यूकबॉक्स’ १९९९ च्या अखेरीस बाजारात आला, त्यात लॅपटॉपमध्ये बसवतात त्या आकाराची सुमारे ५ गीगाबाइटची हार्ड डिस्क होती. क्रिएटिव्ह कंपनीनेही २००० साली तसाच जाडजूड प्लेअर काढला. संग्रह मावत होता, पण यंत्र खिशात मावत नव्हते. तोशिबाने १.८ इंची डिस्क तयार केली तेव्हा ही कोंडी फुटली. अ‍ॅपलने ती वापरून २३ ऑक्टोबर २००१ रोजी ३९९ डॉलर किमतीचा आयपॉड जाहीर केला. एक हजार गाणी खिशात, ही त्याची घोषणा प्रसिद्ध आहे. ती चार मिनिटांचे एक गाणे आणि १६० किलोबिटचा दर धरून काढलेली होती. आजही गाण्यांच्या संख्येत सांगितलेली क्षमता वाचताना असा कोणता दर गृहीत धरला आहे ते शोधावे. तासभर लांबीच्या मैफली ऐकणाऱ्याला हा आकडा फारसा उपयोगी नसतो.

२८ एप्रिल २००३ रोजी अ‍ॅपलचे ऑनलाइन संगीत दुकान उघडले आणि ९९ सेंटांत एक गाणे विकत मिळू लागले. त्यासोबत ताब्याचा प्रश्न पूर्ण जोराने पुढे आला, कारण त्या फायलींना नक्कल रोखणारे डिजिटल कुलूप होते आणि त्या आयपॉडशिवाय इतर कंपन्यांच्या प्लेअरवर चालत नसत. सोनीची गत अधिक खेदजनक झाली. खिशातल्या संगीताची सवय जगाला लावणाऱ्या या कंपनीने आपल्या डिजिटल वॉकमनला अनेक वर्षे आवाज कमी जागेत साठवण्याच्या स्वतःच्या अ‍ॅट्रॅक पद्धतीशी बांधून ठेवले. एमपीथ्री फायली आधी तिच्या सॉफ्टवेअरमधून रूपांतरित कराव्या लागत आणि २००४ च्या अखेरीपर्यंत तिने हा आग्रह सोडला नाही. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये काढलेल्या ‘झून’ प्लेअरवर तर तिच्याच आधीच्या संरक्षण-योजनेखाली विकलेली गाणी वाजत नव्हती. २००८ साली या कंपनीने आपल्या बंद केलेल्या संगीत दुकानाच्या ग्राहकांना कळवले की त्या गाण्यांचे परवाने नव्या संगणकासाठी यापुढे मिळणार नाहीत. तीव्र विरोधानंतर मुदत वाढवली गेली, पण पैसे मोजून घेतलेले संगीत विक्रेत्याच्या सर्व्हरवर अवलंबून असते हे सर्वांनी पाहिले. २००७ मध्ये ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीने कुलपाशिवाय विक्रीला संमती दिली आणि २००९ मध्ये अ‍ॅपलच्या दुकानातील संगीतही मोकळे झाले.

महाराष्ट्रात हा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. येथे महागड्या प्लेअरपेक्षा आधी एमपीथ्री सीडी आणि नंतर मेमरी कार्ड घरोघरी पोचले. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात थोड्या पैशांत कार्ड भरून मिळे, त्यात भावगीते, लावण्या, अभंग, चित्रपटगीते सारे एकत्र असे. यातले बरेचसे परवान्याविना होते, हे मान्य केले पाहिजे. गायक-वादकांना त्यातून काही मिळाले नाही. २०१७ मध्ये ‘सारेगामा’ने आधीच गाणी भरलेला ‘कारवाँ’ बाजारात आणला आणि पुढे त्याची मराठी आवृत्तीही काढली. ज्येष्ठ श्रोत्यांनी त्याचे स्वागत केले, कारण त्यात निवडण्याची, जोडण्याची, भरण्याची कोणतीच खटपट नव्हती. अशा श्रोत्यासाठी घ्यायचे असेल तर मीही तोच प्रकार सुचवीन.

स्वतःचा संग्रह असलेल्यांसाठी मात्र २००१ सालची आणखी एक घटना अधिक मोलाची आहे. त्या वर्षी जॉश कोलसन यांनी फ्लॅक ही पद्धत कोणालाही मुक्तपणे वापरता येईल अशी प्रसिद्ध केली. तिच्यात आवाजाचा एकही अंश न गमावता फाइल साधारण निम्म्यापर्यंत लहान होते आणि हवी तेव्हा मूळ स्थितीत परत आणता येते. साठवण स्वस्त झाल्यावर तिचा प्रसार झाला, आणि २०१२ पासून कोरियाच्या आयरिव्हर कंपनीच्या ‘अ‍ॅस्टेल अँड कर्न’ने, पाठोपाठ चीनच्या फिओसारख्या कंपन्यांनी उच्च दर्जाच्या प्लेअरची नवी बाजारपेठ उभी केली. येथेच २४ बिट आणि ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तितके हजार नमुने) हे आकडे जाहिरातीत आले. सीडीचा दर सुमारे २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज नोंदवतो आणि मानवी श्रवण २० किलोहर्ट्झपाशी संपते. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, काय वाजते आहे हे न सांगता ऐकवल्यावर, श्रोत्यांना वरच्या दर्जाचे मुद्रण आणि त्याचेच सीडी-दर्जाचे रूप यांतला फरक ओळखता आला नाही. त्यामुळे या आकड्यांसाठी जादा पैसे मोजू नयेत, हे माझे स्पष्ट मत आहे. तेच पैसे चांगल्या हेडफोनवर खर्च केले तर फरक पहिल्याच दिवशी ऐकू येतो.

त्याच काळात स्वतंत्र प्लेअरची गरजच फोनने कमी केली. आयपॉडची हार्ड डिस्क असलेली शेवटची आवृत्ती २०१४ मध्ये आणि उरलेला आयपॉड टच मे २०२२ मध्ये बंद झाला. दुसरीकडे २०१६ च्या आयफोन ७ पासून फोनमधील हेडफोनचे छिद्र नाहीसे होऊ लागले आणि तारेचे हेडफोन जपणाऱ्यांना प्लेअर पुन्हा हवासा वाटू लागला. आज मिळणाऱ्या प्लेअरमध्ये अँड्रॉइडवर चालणारे आणि स्वतःच्या साध्या प्रणालीवर चालणारे असे दोन प्रकार दिसतात. पहिल्यात वर्गणीच्या सेवा चालतात, पण अँड्रॉइडची आवृत्ती जुनी झाली की ती अ‍ॅप एकेक करून साथ सोडतात. दुसरा प्रकार फक्त कार्डावरच्या फायली वाजवतो आणि म्हणून बॅटरी टिकेल तितकी वर्षे तसाच चालतो. संग्रह स्वतःचा असेल तर मी दुसरा निवडेन, आणि बॅटरी बदलून मिळते का हे आधी विचारीन.

आणखी दोन गोष्टी मराठी श्रोत्याने घेण्यापूर्वीच तपासाव्यात. एमपीथ्री बनवताना फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता जोडली जाते. ती वगळून सलग वाजवण्याची सोय नसेल, तर एकाच रागाचा विलंबित आणि द्रुत भाग दोन फायलींत असताना मध्ये तबल्याचे आवर्तन तुटते. दुसरी गोष्ट नावांची आहे. एमपीथ्री फाइलमध्ये शीर्षक आणि कलाकार नोंदवण्याच्या १९९६ च्या पहिल्या योजनेत शीर्षकाला ३० बाइट होते आणि देवनागरीचा विचारच नव्हता. नंतरच्या आवृत्तीत युनिकोड आला, तरी काही प्लेअरमध्ये देवनागरी फाँट नसतो आणि नावाच्या जागी नुसते चौकोन दिसतात. कार्डावर अशा दोन सलग फायली आणि एक मराठी नावाची फाइल घेऊन दुकानात जावे, ती तिथेच वाजवून पाहावी आणि तेच कार्ड संगणकात घालून फायली कोणत्याही खास सॉफ्टवेअरशिवाय परत काढता येतात का, हेही पाहून घ्यावे.